मुरबाडचं कंपाइल

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला जागा मिळाली ती भाताच्या कणगीशेजारी. शहापुरातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथला एक जुना संच गोणपाटात गुंडाळून एसटीनं किन्हवलीला आणला होता. दादा रेल्वेत, कसाऱ्याला रुळांच्या कामावर. घाटाखाली उन्हातान्हात हातोडा घेऊन रूळ तपासत चालायचं, हा त्यांचा दिवस. पण पोरीनं शहापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर हा विषय घेतलाय म्हटल्यावर तो घरात असायलाच हवा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. चालू केला की त्याचा पंखा असा घरघरायचा की बाहेर अंगणात बसलेली माणसं विचारायची, गिरण चालू झाली काय. आई त्याच्यावर रोज फडकं मारायची आणि मारताना त्याच्याशी बोलायची. काय बोलायची ते मला कधी कळलं नाही. पण मी त्याच्यासमोर बसले की ती भाकरी थापता थापता मान वळवून बघायची, जसं दुसऱ्याच्या घरी पोरगी नीट वागते की नाही हे बघतात तसं.

आई गायची. आमच्या वस्तीतल्या बायकांची गायन पार्टी होती. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरी नामकरण असलं तरी त्यांना बोलावणं यायचं. ढोलकी, खंजिरी, एक पेटी आणि आईचा तो जाड, खालून उमटणारा आवाज. त्या वर्षी पार्टीनं ठरवलं की जयंतीच्या आधी आपल्या गाण्यांची कॅसेट काढायची. कुणी म्हणालं कल्याणला स्टुडिओत जाऊ. विहारात बैठक भरली होती, त्यात आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "कल्याणला कशाला? माझी सुजा घरीच करंल." मी मागे भिंतीला टेकून शेंगदाणे खात होते. शेंगदाणा घशात अडकला.

झालं होतं असं की, शहापूरच्या सायबर कॅफेतून मी लिनक्सची एक सीडी आणली होती आणि कणगीशेजारच्या त्या मशीनवर चढवली होती. त्यात आवाज रेकॉर्ड करायचं एक सुंदर सॉफ्टवेअर होतं. मी एका दुपारी गंमत म्हणून आईच्या दोन ओळी त्यावर घेतल्या आणि तिला ऐकवल्या. दोन ओळींपुरतं ते चाललं. पण अख्खी पार्टी समोर बसवून पूर्ण गाणं घ्यायला गेले, तर दर थोड्या वेळानं आवाजात 'टक' असा खटका यायचा. मशीनला एवढा आवाज वेळेत गिळवत नव्हता. ऐकताना असं वाटायचं की ढोलकीवाल्या बाईच्या शेजारी बसून कुणीतरी सुपारी फोडतंय. बायका आईच्या तोंडाकडे बघायच्या, आई माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी मशीनकडे.

सायबर कॅफेत बसून मी या दुखण्यावर वाचत सुटले. वाचता वाचता ज्या गोष्टीनं माझी झोप उडाली ती ही: तयार सीडीवरचं सॉफ्टवेअर कुठल्याही जुन्यापुराण्या मशीनवर चालावं म्हणून बेतानं बनवलेलं असतं. माझ्या प्रोसेसरला जे जास्तीचं येतं ते त्याला कुणी विचारतच नाही. पण लिनक्सचा मूळ मजकूर, सोर्स कोड, सगळ्यांना खुला असतो. तो आणायचा, आपल्या प्रोसेसरचं नाव सांगायचं आणि आपल्याच मशीनकडून तो दळून घ्यायचा. म्हणजे कंपाइल करायचा. निघेल ते फक्त आपल्या मशीनच्या मापाचं. मला हसू आवरेना. कुणीतरी, कुठल्यातरी देशात, हे सगळं लिहून फुकट ठेवलं होतं आणि किन्हवलीच्या एका पोरीनं ते आपल्या मापाचं करून घेतलं तर त्यांना काही म्हणायचं नव्हतं. आईला मी हे समजावलं, तर ती लगेच म्हणाली, "मंजी पट्टी आपल्या गल्याला लावून घ्याची. त्यात काय येवढं." मी कॅफेत इतकं वाचून जे समजून घेतलं ते तिनं चुलीसमोर बसल्या बसल्या एका वाक्यात उरकलं आणि भाकरी उलटली.

पहिल्यांदा मी आळशीपणा केला. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर एका मैत्रिणीनं हेच सॉफ्टवेअर कंपाइल करून ठेवलं होतं. ते सीडीवर उतरवून घरी आणलं आणि चालू केलं. पडद्यावर दोन शब्द आले आणि सगळं बंद. दादा त्या दिवशी सुट्टीवर होते. त्यांनी विचारलं काय लिहिलंय. मी भाषांतर केलं, बेकायदेशीर सूचना. दादा खाटेवरून उठले, दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पोलीस येतील का ग?" लॅबचा प्रोसेसर नवा, आमचा जुना, त्याच्या मापाचं आमच्याला झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ, हे पटवायला मला बराच वेळ लागला. पुढे कित्येक दिवस ते कामावरून आले की आधी मशीनकडे बोट दाखवून विचारायचे, कायद्यात हाय ना आता?

तेव्हा घरीच कंपाइल करायचं ठरलं. पण जुन्या मशीनवर लिनक्सचा गाभा, म्हणजे बाकी सगळं ज्याच्यावर चालतं ते मूळ सॉफ्टवेअर, आणि त्यावरची सगळी आवाजाची सॉफ्टवेअरं दळायची म्हणजे तास न् तास लागणार, आणि आमच्याकडे लोडशेडिंग. आज माझ्या मुलीला हा शब्द समजावून सांगावा लागतो. सकाळी वीज जायची, दुपारी जायची, आणि ठरलेल्या वेळेशिवाय मनाला येईल तेव्हाही जायची. कंपाइल अर्ध्यावर आलं की पंख्याची घरघर खाली खाली जाऊन थांबायची आणि घरात अशी शांतता पसरायची की कणगीतले टोके भात पोखरताना ऐकू येतील. वीज परत आली की मशीन आधी आपली डिस्क तपासत बसायचं, मग कुठलीतरी फाइल बिघडलेली निघायची, मग पुन्हा पहिल्यापासून. जयंती जवळ येत होती. पार्टीतल्या बायका रस्त्यात भेटल्या की कॅसेटबद्दल विचारत नव्हत्या, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

शेवटी दादाच बोलले. जेवताना, ताटाकडे बघत. मुरबाडला कुंदाकडं लाईट जात नाय, म्हणाले. कारखान्यांच्या लायनीवर हाय तिचं घर. आईचा हात भाकरीवर थांबला. दादांनी पुढे सुक्या जवळ्यात कैरी छान उतरल्याचं सांगितलं आणि विषय तिथेच मिटला.

कुंदामावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. दोघी माहेरी एकाच पेटीवर गाणं शिकल्या. आईची पट्टी काळी तीन, मावशीचा आवाज चढा, तिची काळी पाच. मावशीचं लग्न होऊन ती मुरबाडला गेली, तिथल्या बायकांची पार्टी तिनं उभी केली, आणि एका जयंतीला मोठ्या हौसेनं आईला पाहुणी गायिका म्हणून बोलावलं. पेटी मावशीच्या हातात होती. तिनं काळी पाच धरली. शेवटच्या कडव्याला आईचा आवाज सगळ्या मांडवासमोर फाटला. आई म्हणायची, मुद्दाम केलं. मावशी म्हणायची, तिला चढत नाही त्याला मी काय करू. मी तेव्हा रांगत होते. माझी कॉलेजात जायची वेळ आली तरी दोघी बोलत नव्हत्या. लग्नकार्यात समोरासमोर आल्या तर एकमेकींच्या डोक्यावरून पलीकडे बघायच्या, आणि दोघींची उंची सारखीच असल्यामुळे ते फार अवघड दिसायचं.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा आईनं दोन साड्या पिशवीत भरल्या होत्या आणि मॉनिटरला गोधडीत बांधत होती.

मुरबाडच्या एसटीत आम्ही दोघी एका बाकावर बसलो. मॉनिटर आईच्या मांडीवर, मशीन माझ्या मांडीवर, कीबोर्ड माझ्या काखेत. कंडक्टरनं गोधडीकडे बघून विचारलं, "हे पाच वर्षांखालचं हाय काय?" मी म्हटलं, सहा झाली असतील. तो म्हणाला, मंग हाफ लागंल, आणि स्वतःच हसत पुढे गेला. खिडकीबाहेर भाताची मोकळी खाचरं, बांधावर पळस लाल पेटलेले. सरळगाव मागे पडलं तशी आई गप्प होत गेली. मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. सबंध दिवस, सबंध रात्र वीज! मी कुठल्यातरी जत्रेला चालले असल्यासारखी बसले होते.

मावशीनं दार उघडलं. समोर इतक्या वर्षांनी बहीण, आणि तिच्या हातात बाळासारखा धरलेला मॉनिटर. मावशीचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "कोण गेलं?" कुणी गेलं नाही, मी घाईनं सांगितलं, कंपाइल करायचंय. काका कारखान्यात पाळीवर गेले होते. मावशी बाजूला झाली, आम्ही आत गेलो, आणि घरातल्या एकुलत्या एका टेबलावरचं सामान उचलून तिनं न बोलता जागा करून दिली.

मी आज्ञा दिली आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. ज्यानं कधी पाहिलं नाही त्याला कसं सांगू? काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खालून वर, थव्यानं उठलेल्या पाखरांसारख्या, आणि प्रत्येक ओळ म्हणजे माझ्या मशीनच्या मापानं शिवून झालेला एक तुकडा. उकाड्यानं मशीन तापलं म्हणून मी त्याचं झाकण काढलं. मावशीनं घरातला टेबलपंखा त्याच्याकडे वळवला आणि आम्ही तिघी घामाघूम होऊन त्याला वारा लागताना बघत बसलो. थोड्या वेळानं ती ओलं फडकं पिळून त्याच्या अंगावर टाकायला आली, तेव्हा मी तिला मिठी मारूनच थांबवलं.

पहिला दिवस दोघी माझ्यामार्फत बोलल्या. सुजा, तुझ्या मावशीला सांग चहात साखर जास्ती झाली. सुजा, तुझ्या आयशीला सांग साखर तिच्यासाठी नव्हती, तुझ्यासाठी व्हती. मावशीनं वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. आईनं ताट चाटूनपुसून संपवलं आणि मला सांगितलं की मावशीला सांग, मीठ बरोबर हाय. मी सांगितलं. मावशी हातभर अंतरावर बसली होती. ती म्हणाली, ऐकलं म्हणावं.

अडचण अशी की मला सतत पडद्यासमोर बसता येईना. मध्ये कुठे चूक झाली तर काम थांबणार आणि ते कुणीतरी पाहायला हवं. म्हणून दुसऱ्या दिवशी अंघोळीला जाण्याआधी मी खडूनं जमिनीवर मोठ्या अक्षरात इंग्रजी 'एरर' लिहिलं आणि दोघींना सांगितलं की असा शब्द दिसला की मला हाक मारा. दोघी मांडी घालून पडद्यासमोर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. एकीची नजर खडूवर, एकीची पडद्यावर.

आता, त्या लाखो ओळींमध्ये एक फाइल असते, तिचं नावच एरर. चुका झाल्या तर काय म्हणायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती गुण्यागोविंदानं कंपाइल होते आणि पुढे जाते. हे मला माहीत होतं. सांगायचं सुचलं नव्हतं. मी डोक्याला शिककाई लावली होती एवढ्यात बाहेर गलका झाला.

"आला गो आला! थांबव ना ताई, गेला वरती!" हे मावशी.

"मी काय थांबवू? तूच थांबव, तुझ्या घरातलं हाय!" हे आई.

मी तशीच, केसांतून शिककाई गळत, टॉवेल धरून बाहेर आले. दोघी उभ्या होत्या. आईनं पडद्याच्या वरच्या कडेला दोन्ही हात लावले होते, जणू तो शब्द वरून निसटून जाऊ नये म्हणून दाबून धरलाय. मावशीनं आईचा दंड धरला होता. पडद्यावर ओळी आपल्या आनंदात धावत होत्या. मी सांगितलं की काही झालेलं नाही, ते नुसतं नाव आहे. मग माझ्या लक्षात आलं की घरात कुणी काही बोलत नाहीये. दोघींनी एकमेकींशी थेट बोलून टाकलं होतं, आणि ते त्यांच्याही आत्ताच लक्षात आलं होतं. मावशीनं दंड सोडला नाही. आधी तिच्या खांद्याला हसू फुटलं, मग आईच्या पोटाला, आणि मग दोघी खाली बसून इतक्या हसल्या की शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. मी शिककाई डोळ्यांत गेली म्हणून रडत होते, असं मी तेव्हा सांगितलं.

संध्याकाळी सगळं संपलं. मशीन बंद करून चालू केलं. नवा गाभा उठला, इतका झटकन की मी टाळ्या वाजवल्या. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, माइक लावला. आवाजच नाही. कशातूनच नाही. पुष्कळ शोधाशोध केल्यावर कळलं की आवाजासाठी एवढा खटाटोप केला त्या गाभ्यात साउंड कार्डाच्या नावापुढची खूण करायचीच मी विसरले होते. म्हणजे गाभा पुन्हा दळायचा. मी भीत भीत आईकडे बघितलं. ती सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचं म्हणत होती. आई बिरड्याचे वाल सोलत होती, मावशीच्या परातीत. मान वर न करता म्हणाली, "आता आलोच हाय तं राहू."

तो दुसरा गाभा दुसऱ्या दिवशी दुपारी तयार झाला. माइकसमोर कुणीतरी गायला हवं होतं. मावशीनं खाटेखालून पेटी ओढली, पुसली, भाता दोनदा हलवून पाहिला. मी पडद्याकडे बघत होते, त्यामुळे मला आधी फक्त सूर ऐकू आला. मावशीनं काळी तीन धरली होती. आईनं तिच्या बोटाकडे बघितलं. मग आईनं उचललं, माहेरचं जुनं गाणं, विहिरीच्या पाण्यावर सगळ्यांचा हक्क सांगणारं, आणि मावशी तिच्या खाली खाली, स्वतःच्या आवाजाला अवघड अशा पट्टीत, सावलीसारखी चालत राहिली. मी खटका कधी येतो याची वाट बघत श्वास धरून बसले होते. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. खटका नाही. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं, कारण माइक चालू होता. म्हणून मी उशी तोंडात धरून जागच्या जागी उड्या मारल्या.

हेडफोन एकच होता. एक कान आईला, एक मावशीला. डोकं डोक्याला लावून दोघींनी सगळं गाणं ऐकलं. मावशी म्हणाली, तुझा श्वास ऐकू येतो मधी. आई म्हणाली, तू धाव्यात, लय वाढली की, पुढं पळतीस. आणि मग दोघी एकदमच म्हणाल्या, "परत घे."

खरं सांगायचं तर, आज इतकी वर्षं हेच काम पोटासाठी केल्यावर, मला ठाऊक आहे की प्रोसेसरच्या मापाचं कंपाइल केल्यानं मिळतो तो फायदा तसा थोडका असतो. त्या दिवशी खटके थांबले ते बहुधा गाभ्यातल्या दुसऱ्याच एका बदलानं, आणि नको असलेलं सगळं मी वगळलं होतं त्यानं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हे शिकवते. पण मुरबाडच्या त्या खोलीत मला जर कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याला पंख्यासमोरून उठवलं असतं.

आम्ही घरी परतायचं नाव घेईना म्हणून दादा कसाऱ्याहून सुट्टी काढून शोधायला आले. येताना त्यांच्या मनात काय काय आलं असेल देव जाणे. दोघींना एका छताखाली सोडलं होतं. ते दाराशी आले तेव्हा आमचं कितवं तरी गाणं चालू होतं. ते आत आले नाहीत. हातात टोपी धरून, एक चप्पल काढलेली आणि एक पायात, तसेच उंबऱ्यावर उभे राहिले. गाणं संपलं, पेटीचा भाता मिटला, आणि मी थांबवायच्या आत त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला: "सुजा, ह्या दोघी खरंच गात्यात का मशीन करतंय?"

ती कॅसेट जयंतीला निघाली. आमच्या पार्टीची गाणी मी त्याच मशीनवर, विजेच्या वेळा सांभाळून, घरी घेतली. सगळ्या बायका मुरबाडची दोन गाणीही त्यात घाला म्हणाल्या, आणि घातली. तिच्या प्रती निघाल्या, त्या झिजल्या, हरवल्या. आवाजाच्या मूळ फाइली मी आजवर एका मशीनवरून दुसऱ्यावर नेत आले आहे.

पण मला सांगायचंय ते परतीच्या एसटीचं. दादांनी मॉनिटर घेतला होता आणि ते बसल्या बसल्या पेंगत होते. मावशी स्टँडपर्यंत आली होती, अंबाडीची जुडी आणि डबा देऊन गेली होती. गाडी सुटली, मुरबाड मागे पडलं, आणि आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं मला विचारलं की आता सगळं कंपाल करून झालं का. मी म्हटलं, हो, झालं.

"नीट बघ. कायतरी राह्यलं आसंल," ती म्हणाली. "मोठंसं. जरा येल लागंल आसं."

मी विचार करून सांगितलं की ऑफिसच्या कामाचं एक भलंमोठं सॉफ्टवेअर असतं, ते आपल्या मशीनवर करायचं तर दोन दिवससुद्धा पुरायचे नाहीत.

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मंग तेच घिऊ."